अण्णांचे लक्ष्मी रोडवरचे थांबे

दर आठवड्याला या पानावर मी लोकांच्या घरच्या गोष्टी सांगत असतो. दिवाळी अंकाच्या निमित्ताने यंदा आमच्याच घरची सांगतो. अण्णांची परवानगी घेतली आहे. "नाव घालू नकोस, आणि पाय कुठला ते लिहू नकोस," या दोन अटींवर ती मिळाली. तेव्हा पाय कुठला, हे शेवटपर्यंत कळणार नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. वय त्र्याहत्तर. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्याला आता तेरा वर्षे झाली. राहायला नारायण पेठेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन नेम धरले : पहाटे पर्वती आणि संध्याकाळी मंडई. पर्वतीच्या १०३ पायऱ्या ते एका दमात चढत आणि वर पोचल्यावर, मागून धापा टाकत येणाऱ्या धाकट्या भावाकडे जरा दयेने पाहत. माणसाला पुष्कळ गोष्टींचा अभिमान असतो. अण्णांना पायांचा होता.

गेल्या वर्षी दिवाळीच्या खरेदीला आम्ही दोघे निघालो. अलका चौकातून लक्ष्मी रोडला लागलो. थोडे चालून होते न होते तोच अण्णा एका साड्यांच्या दुकानापुढे थांबले आणि काचेतल्या बाहुलीकडे टक लावून पाहू लागले. मला वाटले, वहिनींना पाडव्याची ओवाळणी शोधताहेत. दोन-तीन मिनिटांनी "चल" म्हणाले. पुढे चष्म्यांचे दुकान लागले, तिथेही थांबले. ठीक आहे, चष्मा बदलायचा असेल. तिसऱ्या थांब्याला मात्र मला शंका आली, कारण ते दुकान बाळंतिणींच्या गाउनांचे होते.

"अण्णा, काय होतंय?"

"काही नाही. बघतोय."

"गाउन?"

तेव्हा कुठे कबुली मिळाली. चालायला लागले की पोटरीत गोळा येतो. उभे राहिले की दोन मिनिटांत जातो. पुन्हा चालले की पुन्हा तितक्याच अंतरावर येतो. सहा महिने हे चालू होते. पर्वती केव्हाच सुटली होती. पहाटे घरातून निघून ते सारसबागेपर्यंत रिक्षाने जात, बाकावर बसत आणि रिक्षानेच परत येत. वहिनींना यातले काही ठाऊक नव्हते. लक्ष्मी रोडवर भररस्त्यात लंगडत उभे राहायची लाज वाटते म्हणून दुकानांच्या काचा! पुढे मला समजले की ही युक्ति काही अण्णांनी काढलेली नाही. जर्मन लोक या दुखण्याला 'दुकानाच्या काचांचे दुखणे' असेच म्हणतात. तिकडचेही अण्णा काचेत डोके घालून उभे असतात म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी आधी अण्णांना मोजे काढायला लावले. हाताची नाडी पाहणारे डॉक्टर पुष्कळ पाहिले होते. पायाची नाडी पाहणारे मी तरी प्रथमच पाहत होतो. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या रेषेत थोडी मागे, अशी एक. आतल्या घोट्याच्या पाठीमागे दुसरी. अण्णांच्या एका पायाला दोन्ही लागल्या, दुसऱ्याला एकही लागेना. (वाचकांनी फराळानंतर स्वतःची शोधून पाहावी. एखाद्या धडधाकट माणसाचीही वरची नाडी सापडत नाही, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नये.) मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, तसाच घोट्याला बांधून घेतला आणि एकाला दुसऱ्याने भागले. घोट्याचा दाब दंडाच्या बरोबरीचा किंवा किंचित जास्तच असायचा असतो. भागाकार ०.९ च्या खाली आला की पायाकडे जाणाऱ्या धमनीत अडथळा आहे असे धरतात. अण्णांचा ०.६२ आला.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. जुन्या वाड्यातली लोखंडी नळी आतून गंजत गंजत अरुंद होते. एकच नळ सोडला तर पाणी बरे येते, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर ठणठणाट. पायाचेही तसेच. बसल्या जागी पोटरीला रक्त थोडे लागते, तेवढे अरुंद धमनीतूनही पोचते. चालू लागले की मागणी कितीतरी पटींनी वाढते, पुरवठा पुरत नाही आणि पोटरी ओरडते. थांबले की मागणी उतरते. कण्यातली नस दबल्यामुळेही चालताना पाय दुखतात, पण त्या माणसाला नुसते उभे राहून सुटका मिळत नाही, त्याला बसावे किंवा वाकावे लागते. अण्णा उभे राहूनच बरे होत होते.

हे दुखणे प्रथम कोणाचे नोंदले गेले असेल? घोड्याचे! फ्रान्समधल्या बूले नावाच्या पशुवैद्याने १८३१ साली गाडीच्या एका घोड्याची हकीकत लिहिली. थोडे पळाले की जनावर लंगडायचे, थांबले की ठीक व्हायचे. तपासणीत मागच्या पायाची धमनी बुजलेली निघाली. माणसाच्या बाबतीत तेच दुखणे शार्को या मोठ्या फ्रेंच डॉक्टराने १८५८ साली सांगितले. मी ही माहिती अण्णांना उत्साहाने पुरवली. त्यांना ती आवडली नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या : कोलेस्टेरॉल उतरवणारी एक, रक्त गोठू नये म्हणून ऍस्पिरिन, साखरेची आणि रक्तदाबाची होतीच. मग म्हणाले, "सिगारेट किती?"

"मी ओढत नाही," अण्णा म्हणाले.

डॉक्टर गप्प. मी गप्प. वहिनी म्हणाल्या, "दोन. चहानंतर. कोपऱ्यावरच्या टपरीमागे. मला वाटतं यांना वाटतं मला ठाऊक नाही."

"त्या दोन आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "आणि चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आधी हृदयाची तपासणी करून घेऊ, ती ठीक असली तर आठवड्यातून निदान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, तीन महिने. पायाच्या धमन्या भरल्यात म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्याही भरत असणार. मला खरी काळजी त्यांची आहे."

बाहेर येताच अण्णांचा पारा चढला. "चालल्यावर दुखतं म्हणून मी यांच्याकडे आलो, आणि हे पैसे घेऊन सांगतात चाला! उद्या कोणी दाढदुखी घेऊन आला तर त्याला चिक्की खायला सांगतील!"

आणि इथे या गोष्टीत माझी चूक येते. ती माझ्या हातून झाली म्हणूनच हे सगळे लिहीत आहे. पंधरवड्याने माझ्या हातात एका खासगी दवाखान्याचे पत्रक पडले. चकचकीत कागद, वर हसऱ्या आजी-आजोबांचे चित्र. त्यात म्हटले होते की शस्त्रक्रिया नको, चिरफाड नको, आपल्याच शरीरातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, औषधाने जाग्या करून पायात नव्या रक्तवाहिन्या उगवता येतात. मी ते पत्रक घडी घालून अण्णांना नेऊन दिले. मोठ्या भावाचे दुःख हलके करावे एवढाच हेतु होता, आणि थोडी हौसही होती; नवे काही आपण आधी शोधून काढले, अशी.

अण्णा चौकशी करून आले. बारा इंजेक्शने, वर तपासण्या, सगळे मिळून अडीच लाख. घरात न बोलता त्यांनी बँकेत ठेव मोडण्याचा अर्ज भरला. ती ठेव वहिनींच्या मोतीबिंदूसाठी आणि घराच्या गळक्या गच्चीसाठी राखलेली होती. अर्जावर दोघांची सही लागते म्हणून गोष्ट फुटली, नाहीतर मला आज हा लेख दुसऱ्या तऱ्हेने लिहावा लागला असता.

वहिनी माझ्याकडे आल्या. रागावल्या नाहीत, तेच वाईट. "भाऊजी, तुम्ही आणलेला कागद आहे. तुम्ही वाचलात ना नीट? यांचा पाय बरा होणार असेल तर गच्ची गळू दे. पण होणार आहे का, एवढं मला सांगा."

मला सांगता येईना. मी फक्त चित्र पाहिले होते.

अण्णांची मुलगी शिकागोला असते. ती तिकडे एका रुग्णालयाच्या औषधविभागात काम करते. रविवारी रात्री फोनवर तिचे तोंड दिसले, तेव्हा वहिनींनी पत्रक फोनपुढे धरले. मुलीने औषधाचे नाव वाचले आणि म्हणाली, "काका, याची परीक्षा तर आमच्याच गावात झालीय. मला दोन दिवस द्या."

दोन दिवसांनी तिने जे सांगितले ते ऐकताना मला पुष्कळ गोष्टी पहिल्यांदा कळल्या.

औषधाचे नाव जीएम-सीएसएफ. औषध खोटे नाही, ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे. मेलबर्नला डोनाल्ड मेटकाफ नावाचे शास्त्रज्ञ होते, २०१४ साली वारले. अस्थिमज्जेच्या पेशी ते काचेच्या बशीत खळीसारख्या पदार्थात वाढवीत. तिथे पेशींच्या छोट्या छोट्या वसाहती उठत. वसाहत उठायला कोणते द्रव्य लागते, याचा शोध त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे घेतला, आणि त्या द्रव्यांना नावही 'वसाहती वाढवणारे' असेच पडले. १९९१ साली अमेरिकेत ही औषधे म्हणून मान्य झाली. कॅन्सरच्या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी ढासळतात, त्या सावरायला ती वापरतात. शिवाय एक मोठा उपयोग असा की यांच्या योगाने हाडांच्या पोकळीत दडलेल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. कोणी आपल्या भावाला-बहिणीला मूळ पेशी द्यायला तयार झाला की त्याला याच कुटुंबातले औषध टोचतात आणि दंडाच्या शिरेतूनच पेशी गोळा करतात. पूर्वीसारखे हाडात सुई घालून मज्जा काढणे त्यामुळे पुष्कळदा टळते.

आपल्या पुण्यातही या पेशींवर काम झालेले आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. मी गणेशखिंडीतून शेकडो वेळा गेलो असेन, आत काय चालते याचा विचार केला नव्हता.

आता पायाचा संबंध. १९९७ साली बोस्टनमध्ये आसाहारा आणि इस्नर यांना मोठ्या माणसाच्या रक्तात अशा पेशी दिसल्या, की ज्या रक्तवाहिनीचे अस्तर बनू शकतात. त्याआधी समजूत होती की हे काम फक्त गर्भात होते. २००२ साली जपानमध्ये डॉक्टरांनी रुग्णांची अस्थिमज्जा काढून तिच्यातल्या पेशी त्यांच्याच सुकत चाललेल्या पायांत टोचल्या, आणि फायदा दिसला असे प्रसिद्ध केले. मग साहजिकच कोणाच्याही मनात येईल की मज्जा कशाला काढायची? बारा सुया टोचा, पेशी आपोआप रक्तात येतील, पायात जातील, नव्या वाटा काढतील. विचार सुंदर आहे. अण्णांना तो पटला, मला पटला, आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही पटला होता. फरक एवढाच की त्यांनी तो तपासून पाहिला.

पहिल्या मोठ्या तपासणीचा निकाल २०१३ साली आला. १५९ माणसे. निम्म्यांना महिनाभर आठवड्याला तीन वेळा खरे औषध, निम्म्यांना दिसायला तसेच पण खोटे. कोणाला काय मिळाले हे त्यांना ठाऊक नाही. तीन महिन्यांनी सगळ्यांना चालत्या पट्ट्यावर चालवले. खऱ्या औषधाची मंडळी पूर्वीपेक्षा १०९ सेकंद जास्त चालली.

"बघ!" अण्णा म्हणाले. ते फोनपाशी येऊन केव्हा उभे राहिले होते ते आम्हाला कळले नव्हते.

"बाबा, पुढे ऐका. खोट्या औषधाची माणसंसुद्धा ५६ सेकंद जास्त चालली."

"खोट्या औषधाने?"

"औषधाने नव्हे. दोन्ही गटांना सांगितलं होतं की रोज पोटरी दुखेपर्यंत चालत जा."

अण्णा काही बोलले नाहीत. दोन गटांतला जो फरक उरला तो नशिबानेही पडू शकतो इतका होता, म्हणून शास्त्रज्ञांनी औषधाला पास केले नाही. पण नापासाचा शिक्काही कायमचा बसला नव्हता. तो बसला शिकागोत. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टर मेरी मॅकडरमॉट यांनी २१० रुग्ण घेतले, सरासरी वय सदुसष्ट, म्हणजे आपल्या अण्णांच्याच पंगतीचे. त्यांचे चार गट केले. एकाला औषध आणि देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम. दुसऱ्याला नुसता व्यायाम आणि खोटे इंजेक्शन. तिसऱ्याला नुसते औषध. चौथ्याला दोन्ही नाही, त्यांना आरोग्यावरची भाषणे ऐकवली. ही भाषणे औषधवाल्या तिसऱ्या गटालाही होती. थोडक्यात ती त्यांच्याकडची वसंत व्याख्यानमाला. २०१७ च्या डिसेंबरात निकाल छापून आला.

सहा मिनिटांत माणूस किती लांब जातो हे मोजायचे होते. बारा आठवड्यांनी नुसता व्यायाम करणारे, नुसती भाषणे ऐकणाऱ्यांपेक्षा सुमारे ३४ मीटरनी पुढे गेले होते. नुसते औषध घेणारे आणि भाषणे ऐकणारे यांच्यात फरक पडला एक-दीड मीटरचा, तोही उलट्या बाजूला, म्हणजे श्रोतेच किंचित पुढे! आणि व्यायामाला औषधाची जोड दिली, तर व्यायामाच्या फायद्यात काडीची भर पडली नाही.

"३४ मीटर म्हणजे किती?" वहिनींनी विचारले.

"लक्ष्मी रोडवर तीन-चार दुकानं," मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. सहा मिनिटांत तीन-चार दुकाने ज्याला थोडी वाटतील त्याला पोटरीत गोळा आलेला नाही, एवढेच मी म्हणेन.

मग मुलीने तिच्या बापाला एक प्रश्न विचारला. "बाबा, त्या दवाखान्याला विचारा, तुम्ही जे करताय ते संशोधन आहे की उपचार? उपचार असेल तर तो कोणी मान्य केला? संशोधन असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक द्या, आणि पैसे कशाचे घेता?"

हा प्रश्न सर्वांनी पाठ करून ठेवण्यासारखा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली काढलेल्या नियमावलीत मूळ पेशींचे रोपण नेहमीचा उपचार म्हणून मानले आहे ते रक्ताच्या वगैरे ठरावीक विकारांपुरते. बाकी सारे अजून परीक्षेच्या दालनात, आणि परीक्षेला बसणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. अशा प्रत्येक परीक्षेची सरकारी नोंदवहीत नोंद व्हावी लागते. २००९ पासून ती सक्तीची आहे आणि ती वही कोणालाही फुकट पाहता येते. अण्णा आणि मी दोघे दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुणाने क्रमांक विचारताच, "प्रोसेसमध्ये आहे," असे सांगितले. अण्णा कारखान्यात चाळीस वर्षे राहिलेले. 'प्रोसेसमध्ये आहे' याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. ते उठले. जिना उतरताना एकदा थांबले, पण ते पायासाठी.

कोणी म्हणेल, म्हणजे मूळ पेशींचे सगळेच थोतांड का? तसे नाही. बेंगळुरूच्या एका कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून स्टेम्प्यूसेल नावाचे औषध केले आहे, ते पोटरीत टोचतात. आपल्या औषध नियंत्रकांनी २०१६ साली त्याला मर्यादित परवानगी दिली ती बर्जरच्या रोगासाठी. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्या तरुण माणसांच्या हातापायांच्या धमन्या ज्याने बंद होतात तो हा रोग. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचे वर्णन केले. २०२० मध्ये परवानगीची व्याप्ति वाढली. पण ते औषध आहे पाय जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी, ज्यांना बसल्या जागी ठणका लागतो आणि जखमा भरत नाहीत. चालताना पोटरी धरणाऱ्या अण्णांसाठी नव्हे. पत्रकवाले या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि ती त्यांना सोयीची असते.

मग अण्णा चालू लागले. हृदयाची तपासणी ठीक निघाली. जागा त्यांनी स्वतःच निवडली : लक्ष्मी रोड, पहाटे सहा वाजता. मी म्हटले, सारसबाग सपाट आहे, झाडे आहेत. म्हणाले, "नाही. जिथं थांबलो तिथंच." पहाटे दुकानांच्या काचांवर लोखंडी दारे ओढलेली असतात. थांबायचे तर नुसतेच थांबावे लागते, पेपरवाल्या पोरांच्या आणि दूधवाल्यांच्या समोर, काही न बघता.

पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. दुखू लागले की माणसाचा जीव म्हणतो थांब. डॉक्टरांचा नियम असा की दुखू लागले म्हणून थांबायचे नाही, चांगले दुखले की थांबायचे. अण्णांनी मधला मार्ग काढला, हळूहळू चालायचे म्हणजे दुखतच नाही. मुलीने फोनवरून तोही बंद केला. मॅकडरमॉटबाईंनीच पुढे ३०५ रुग्णांवर वर्षभर हे पाहिले आणि २०२१ साली सांगितले की न दुखवता रमतगमत चालणाऱ्यांना काही लाभ झाला नाही. दुखेल अशा वेगाने चालणाऱ्यांना झाला. "ही बाई माझ्याच मागे का लागली आहे?" अण्णा म्हणाले.

सिगारेटची कथा लांब आहे आणि तिच्यात अण्णांची बाजू फारशी उजळ नाही. सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. वहिनींनी टपरीवाल्याला जाऊन सांगितले, एवढ्यावर थांबतो. सध्या चहानंतर बडीशेप चालू आहे.

दुखणे म्हणजे नुसता पोटरीचा गोळा असेल तोवर हा मार्ग. पण रात्री झोपेत पावलात ठणका लागून पाय खाटेखाली लोंबता सोडावा लागत असेल, बोटाची जखम दोन आठवडे भरत नसेल, तर चालण्याचे प्रयोग करू नयेत, तडक शल्यविशारदाकडे जावे. फुगा घालून किंवा बगलरस्ता काढून धमनी मोकळी करता येते आणि त्याने पाय वाचतात. पाय एकाएकी गार, पांढराफटक आणि बधिर पडला तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांनी तर दुखण्याची वाटच पाहू नये, कारण पुष्कळदा त्यांची संवेदना आधीच गेलेली असते आणि पाय बिचारा ओरडत नाही. रोज रात्री तळवे पाहावेत. वय झालेल्यांना वाकून दिसत नाही, तेव्हा हे काम घरातल्यांनी करावे. आमच्याकडे वहिनी करतात. अण्णा गुदगुल्या होतात म्हणून तक्रार करतात.

अण्णांची धमनी मोकळी झाली का? नाही. मध्यंतरी भागाकार पुन्हा काढला, ०.६४ आला, म्हणजे जवळजवळ तोच. मला वाईट वाटले. डॉक्टर हसले. म्हणाले, नळी तीच राहते, पोटरी मिळेल त्या रक्तात जास्त काम करायला शिकते. म्हणून चालणे सोडले की हे शिकलेलेही जाते. हे ऐकून अण्णांचे तोंड उतरले. त्यांना वाटत होते, तीन महिन्यांचा कोर्स आहे.

ठेव मोडली नाही. गच्चीला डांबर लागले, वहिनींच्या एका डोळ्याचे काम झाले. दुसरा संक्रांतीनंतर.

परवा, दसरा झाल्यावर, अण्णा म्हणाले, "आज संध्याकाळी चल. दुकानं उघडी असताना." आम्ही अलका चौकातून निघालो. गर्दी ही अशी, आकाशकंदील, रांगोळीचे ढीग. मी घड्याळ लावले होते आणि खिशात त्यांची वही होती. रोजचे थांबे ते वहीत मांडतात, कारखान्यातल्या सवयीने, लाल शाईत. विजय टॉकीज गेले. बाळंतिणींच्या गाउनांचे दुकान गेले, अण्णांनी तिकडे मानही वळवली नाही. कुंटे चौकाच्या अलीकडे एकदा थांबले, पोटरी चोळली, उघडपणे, दोन मुली वळून बघत असतानाही. दीड मिनिटात निघाले. बेलबागेपाशी पोचलो तेव्हा मी वही काढली.

"एक थांबा लिहू?"

"दीड लिही," अण्णा म्हणाले. "विजय टॉकीजपाशी मी नुसता रेंगाळलो होतो."